काडतूस-कवच

बंदुकीच्या एका बाराला लागणारी दारू, गोळी व दारू पेटविणारी टोपी ही तिन्ही एकत्र धरून ठेवणारे नळीवजा पात्र. बार झाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते व टोपी निकामी होते. कवच मात्र जवळजवळ जसेच्या तसे परत हाती येते. त्यात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरता येते. या क्रियेस हाताने काडतूस भरणे असे म्हणतात. कवच ज्या बंदुकीतून उडविले असेल, तिच्या कोठीचा आकार ते पहिल्याच बारात घेते. या गुणाचा हेतुपूर्वक उपयोग करून कवच घडविण्याच्या पद्धतीला नेमबाजांच्या परिभाषेत ‘फायर फॉर्मिंग’ हे नाव आहे. बुडाशी पट्टा असलेल्या काडतुसांच्या बाबतीत ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरली आहे.

काडतूस-कवचाचा इतिहास हा केवळ एका पितळी पात्राचा इतिहास नाही. बंदूक ज्याच्या हाती आहे त्याला तिचा बार स्वतः तयार करता येतो की तो दुसऱ्याकडून आणावा लागतो, या प्रश्नाशी तो निगडित आहे. पूर्वीचा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तोफ, तोडेदार बंदूक, कागदी काडतूस आणि पितळी काडतूस या सर्व अवस्था एकामागून एक आल्या. त्यामुळे हा बदल तेथे स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

कवचापूर्वीचा बार : मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत ईजिप्तचे मामलुक व गुजरातचा सुलतान यांच्या संयुक्त आरमाराची पोर्तुगीजांशी लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेइदा तोफेच्या गोळ्याने मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंडा येथे वखार घातली व कोट बांधला. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये त्या कोटाला दीर्घकाळ वेढा दिला, तथापि तो पडला नाही. हे ठाणे १७४० मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत सव्वादोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्यांच्या सहवासातून मराठीत जे अनेक शब्द रूढ झाले, त्यांतच ‘काडतूस’ हा शब्द आहे. मूळ पोर्तुगीज ‘कार्तुशु’ या शब्दाचा अर्थ दारूची पुडी किंवा थैली असा होता.

या काळातील तोडेदार बंदुकीचा बार सुटा असे. शिंगाड्यातून दारू मोजून नळीत ओतावयाची, वर चिंधी व शिशाची गोळी घालून गजाने ठासावयाची, कानाशी बारीक दारू टाकावयाची व पेटत्या तोड्याने ती शिलगावावयाची, असा क्रम होता. दारूच्या घटकांपैकी कोळसा स्थानिक लाकडापासून मिळे. सोरा उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः बिहारमध्ये, मोठ्या प्रमाणावर होई. गंधक व शिसे मुख्यतः व्यापारी मार्गांनी बाहेरून येई. मात्र हे जिन्नस एकदा हाती आले की दारू कुटणे, गोळ्या ओतणे व बार भरणे ही सर्व कामे किल्ल्यावर किंवा गलबतावरही होऊ शकत. गोळीचा साचा बंदुकीबरोबरच असे. नळीचे माप थोडे कमीअधिक असले, तरी चिंधी जाड किंवा पातळ घेऊन ते निभावून नेता येई. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या आरमारामागे अशीच व्यवस्था होती. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर केलेली संयुक्त मोहीम फसली, त्यामागे इतर कारणांबरोबर या किनाऱ्यावरील दारूगोळ्याची तजवीज हेही एक कारण मानता येते.

सुट्या दारूचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. सोरा ओलावा धरतो व ओली दारू पेट घेत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हा काळ या दृष्टीने कठीण जाई. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, ओल लागू देऊ नये आणि हवालदाराने दर आठपंधरा दिवसांनी दारू, बाण इ. सामान बाहेर काढून उन्हात तापवून पुन्हा मोहोरबंद करावे, असा दंडक घालून दिलेला आहे. बार स्वतः तयार करण्याचे स्वातंत्र्य होते, परंतु त्याची किंमत अशा अखंड दक्षतेने मोजावी लागे.

कागदी काडतूस : एका बाराची मोजलेली दारू व गोळी कागदाच्या पुडीत बांधून ठेवण्याची पद्धत यूरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ झाली. तीमुळे बार भरण्यास लागणारा वेळ कमी झाला व प्रत्येक बार सारखा होऊ लागला. या पुडीचा कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. १८५३ च्या एनफील्ड बंदुकीसाठी तयार केलेल्या काडतुसांना लावलेली चरबी गायीची व डुकराची आहे, या समजुतीने १८५७ च्या उठावास निमित्त दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रसंगाची एक बाजू कवचाच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. सुटी दारू वापरणाऱ्या शिपायाला आपल्या बारात काय आहे हे ठाऊक असे. कारखान्यातून बांधून आलेल्या पुडीत काय आहे, हे त्याला ठाऊक असण्याचा मार्ग उरला नाही. पुढे काही ठिकाणी शिपायांना आपल्या पसंतीचे तूप किंवा तेल स्वतः लावण्याची मुभा देण्यात आली, पण तोपर्यंत विश्वास उडाला होता.

उठावानंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण सरकारने ठेवले. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने हिंदी लोकांना शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला व यूरोपीयांना त्यातून सूट मिळाली. आंग्रे यांचे कुलाबा संस्थान त्यापूर्वीच, १८४० मध्ये, खालसा झाले होते. किनाऱ्यावरील किल्ल्यांची लष्करी उपयुक्तता संपली. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील लो मूर लोहकारखान्यात ओतलेल्या ज्या दोन तोफा चाकांच्या गाड्यांसह कुलाबा किल्ल्यात आहेत, त्या या स्थित्यंतराच्या साक्षी होत.

धातूचे कवच : मागून भरावयाच्या बंदुकींत कोठीच्या मागील फटीतून वायू निसटतो, ही जुनी अडचण होती. धातूच्या कवचाने ती दूर झाली. दारू पेटताच आतील दाबाने कवच फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते व फट बंद करते. दाब उतरताच ते किंचित आकसते व बाहेर काढता येते. या दोन्ही क्रियांसाठी ताणले जाण्याची क्षमता व लवचिकपणा हे परस्परविरोधी वाटणारे गुण एकाच धातूत असावे लागतात. सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ यासाठी सर्वांत योग्य ठरले.

ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्नायडर बंदुकीसाठी स्वीकारलेले एडवर्ड बॉक्सर यांचे कवच पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. पुढे चकतीपासून दट्ट्याने ओढून अखंड कवच बनविण्याची कृती रूढ झाली. त्यात चकती दाबून पेला करतात, तो टप्प्याटप्प्याने लांबवितात व प्रत्येक टप्प्यानंतर भट्टीत तापवून मऊ करतात. ठोकल्याने पितळ कडक होते व तापविल्याने पुन्हा मऊ पडते, हे तांबटाच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले तत्त्वच येथे यंत्राच्या साहाय्याने वापरले जाते. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. तेथील ·३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे उमटविलेली असत. पश्चिम हिंदुस्थानातील सैन्याला लागणारा बार आता किनाऱ्यावर किंवा गडावर होत नव्हता. तो घाटमाथ्यावरील एका सरकारी कारखान्यात तयार होत होता.

धातूच्या कवचाने दारूचा दमट हवेपासून बचाव केला, परंतु पावसाळ्याने खुद्द पितळालाही सोडले नाही. हिंदुस्थानातील छावण्यांत पावसाळ्यात साठविलेल्या काडतुसांच्या कवचांना आपोआप तडे जात. ऋतुमानाशी असलेल्या या संबंधावरून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचे कारण स्पष्ट केले. तबेल्यातील घोड्यांच्या मूत्रापासून सुटणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि ओढकामानंतर पितळात उरलेला अंतर्गत ताण या तिघांच्या एकत्र परिणामाने पितळ चिरते. तयार कवच कमी उष्णतेवर तापवून हा ताण काढून टाकला म्हणजे तडे जात नाहीत. धातुविज्ञानातील एका महत्त्वाच्या शोधाला हिंदुस्थानचा पावसाळा असा कारणीभूत झाला.

किनार, खाच व पट्टा : कवच कोठीत नेमके किती आत जावे हे निश्चित करण्यासाठी त्याला कोठेतरी अडकावे लागते. त्याच्या बुडापासून कोठी बंद करणाऱ्या खिटीच्या तोंडापर्यंत उरणारी मोकळीक अत्यल्प असावी लागते. ती अधिक झाल्यास कवच लांबीत ताणले जाऊन तुटते. कवच अडविण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत बुडाला बाहेर आलेली किनार असते. ·३०३ काडतूस या प्रकारचे होय. मात्र पेटीत एकावर एक ठेवलेल्या काडतुसांच्या किनारी एकमेकींत अडकण्याचा संभव असतो. दुसरीत किनारीऐवजी बुडाभोवती खाच असते व कवच आपल्या खांद्यावर, म्हणजे मान जेथे निमुळती होते त्या भागावर, अडते. तिसरीत खाचेच्या लगेच पुढे कवचाभोवती एक उंच पट्टा असतो व त्यावर कवच टेकते.

पट्टाधारी काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९०५ मध्ये प्रथम बाजारात आणले. १९१२ मध्ये त्यांनी ·३७५ मॅग्नम व १९२५ मध्ये ·३०० मॅग्नम ही काडतुसे काढली. ·३७५ काडतुसाचे कवच सु. ७२ मिमी. लांब असून त्याच्या पट्ट्याचा व्यास सु. १३·५ मिमी. आहे. कॉर्डाइट या धूरविरहित दारूचा दाब उष्ण प्रदेशात वाढे. अशा दाबानंतरही कवच सहज सुटून यावे म्हणून ते बुडाकडून तोंडाकडे बरेच निमुळते केलेले होते व त्याचा खांदा उतरता होता. असा उतरता खांदा कवच अचूक अडवू शकत नाही. म्हणून पट्ट्याची योजना झाली. पुढे जवळजवळ उभ्या भिंतीच्या व तीव्र खांद्याच्या कवचांनाही हा पट्टा केवळ परंपरेने चिकटून राहिला. १९५६ चे ·४५८ विंचेस्टर मॅग्नम व १९६२ चे ७ मिमी. रेमिंग्टन मॅग्नम यांना तो आहे. त्यांपैकी पहिले कवच जवळजवळ सरळ असून त्याला खांदाच नाही. तेथे पट्टा आवश्यक आहे. दुसऱ्याला पुरेसा खांदा आहे. तेथे तो नसता तरी चालले असते.

या काडतुसांच्या मापांवर हिंदुस्थानातील राज्यकारभाराचाही प्रभाव पडला. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान व सूदान येथे ·४५० बोअरच्या रायफलींना बंदी केली. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका सरकारविरोधी लोकांच्या हाती गेल्या होत्या व त्याच मापाची गोळी त्यांत चालेल, अशी धास्ती त्यामागे होती. परिणामी बंदूककारांनी ·४६५, ·४७० यांसारखी नवी मापे पुढे आणली. लष्करी मापे नागरिकांना निषिद्ध करण्याचे हे तत्त्व पुढेही टिकले. भारतात ·३०३ ऐवजी ·३१५ बोअरची रायफल नागरी वापरात रूढ होण्याचे कारण तेच आहे.

पहिल्या बाराने येणारा आकार : पट्टाधारी काडतूस पट्ट्यावर अडत असल्याने उत्पादकांनी पट्ट्याची माप काटेकोर ठेवली, पण खांद्याच्या बाबतीत बरीच सैल मोकळीक दिली. त्यामुळे नवे कवच कोठीत ठेवले असता त्याचा खांदा व कोठीचा खांदा यांत काही दशांश मिलिमीटर अंतर राहू शकते. बार झाला की चार हजारांहून अधिक वातावरणे इतका दाब निर्माण होतो. कवचाची पातळ भिंत कोठीला चिकटून बसते, बूड मागे रेटले जाते व खांदा पुढे जाऊन अंतर भरून काढतो. या ताणाचा सर्वाधिक भार पट्ट्याच्या लगेच पुढील भागावर पडतो व तेथे भिंत पातळ होते. पहिला बार झाल्यानंतर कवच त्या विशिष्ट कोठीचा जणू साचा बनलेले असते.

यानंतर दोन मार्ग संभवतात. उडविलेले कवच साच्यात घालून पुन्हा मूळ मापाचे केले, तर दर बाराला तेच ताणणे व तेच दाबणे चालू राहते आणि थोड्याच बारांत पट्ट्यापुढे कवच तुटते. उलट, साचा असा लावला की खांदा फक्त नावापुरता मागे जाईल, तर पुढच्या बाराला कवच पट्ट्यावर न अडता आपल्या नव्या खांद्यावर अडते. मग ते फारसे ताणले जात नाही, अधिक बार टिकते व नेमही सुधारतो. पट्टा असलेल्या कवचाला पट्टा नसल्याप्रमाणे वागवावयाचे, हे या कृतीचे सार आहे.

याच तत्त्वाचा दुसरा उपयोग म्हणजे कवचाचा आकार मुळातून बदलणे. अमेरिकेत रॉय वेदरबी यांनी १९४० नंतरच्या दशकात ·३०० हॉलंड कवचाची भिंत अधिक उभी करून व खांदा पुढे नेऊन त्यात जास्त दारू मावेल असे काडतूस तयार केले. मूळ काडतूस नव्या आकाराच्या कोठीत उडविले की कवच आपोआप नवा आकार घेई. खांदा दूर असूनही कवच पट्ट्यावर पक्के अडत असल्याने हे शक्य झाले. जो पट्टा एरवी कवच तुटण्यास कारण होतो, तोच या रूपांतरास आधार देतो. पी. ओ. ॲकली यांनी अशाच रीतीने अनेक प्रचलित कवचांचे सुधारित आकार सिद्ध केले.

हाताने काडतूस भरणे बऱ्याच अंशी गरजेतून वाढले. १९६० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीने मोठ्या बोअरच्या अनेक काडतुसांचे उत्पादन आवरते घेतले, तेव्हा शेकडो जुन्या रायफलींना बाजारात काडतूसच मिळेनासे झाले. त्यांच्या मालकांपुढे एका आकाराच्या कवचापासून दुसरे कवच घडविणे किंवा रायफल भिंतीवर टांगून ठेवणे हे दोनच पर्याय उरले. टोपीच्या रचनेचाही येथे संबंध येतो. इंग्रज बॉक्सर यांची टोपी अमेरिकेत रूढ झाली व अमेरिकन बर्डन यांची टोपी यूरोपात. बॉक्सर टोपीसाठी कवचाच्या बुडात मध्यभागी एकच छिद्र असल्याने जळालेली टोपी साध्या सुईने बाहेर ढकलता येते. बर्डन पद्धतीत तसे होत नाही. काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला आणि यूरोपात मर्यादित राहिला, यामागील हे एक कारण होय.

धोके व काळजी : कवच हे दाबपात्र आहे. ते पट्ट्यापुढे तुटल्यास तप्त वायू मागे, म्हणजे बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाकडे, येऊ शकतो. भिंत पातळ होऊ लागल्याची बाह्य खूण म्हणजे पट्ट्याच्या किंचित पुढे उमटणारे चकचकीत वळे. टोक वाकविलेली बारीक तार कवचाच्या आतून फिरविली असता तेथे खाच लागते. असे कवच ठेचून मोडीत टाकणे हाच एक उपाय आहे. जुन्या टोपीतील पाऱ्याच्या संयुगांमुळे पितळ ठिसूळ होते. म्हणून अशा टोपीची कवचे पुन्हा भरू नयेत. वारंवार फुगण्याने व दाबले जाण्याने कडक झालेली मान अधूनमधून तापवून मऊ करतात. बूड मात्र कधीही तापवीत नाहीत, कारण सर्व दाब पेलण्यासाठी ते कडकच असावे लागते. एका रायफलीतील कवच दुसऱ्या रायफलीत वापरणे अयोग्य होय. दोघींचे काडतूस एकाच नावाचे असले, तरी दोन कोठ्या तंतोतंत सारख्या नसतात.

रायगड किनाऱ्यावरील शिकार व तिचा शेवट : भारतीय संस्थानिक हे इंग्रज बंदूककारांचे मोठे ग्राहक होते. रायगड किनाऱ्यावर मुरूड येथे जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे संस्थान होते व जवळचे फणसाडचे जंगल त्यांचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने १९७२ पासून शिकारीला प्रतिबंध झाला व १९८६ मध्ये फणसाड हे वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. जेथे शिकारीसाठी जंगल राखले गेले, तेथेच आज शेकरू व गिधाड यांना संरक्षण आहे. जंगल टिकून राहिले ते बऱ्याच अंशी पूर्वीच्या राखीवपणामुळे, ही वस्तुस्थितीही येथे नोंदविली पाहिजे. शिकारीसाठी निर्माण झालेल्या पट्टाधारी काडतुसाचे भारतातील मूळ प्रयोजन मात्र या कायद्याने संपुष्टात आले.

खेड्यांतील बंदुकीची परंपरा याहून वेगळी होती. कोकणात रानडुकरे व वानरे यांपासून शेतीचे रक्षण करण्यासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका विसाव्या शतकातही मोठ्या प्रमाणावर वापरात राहिल्या. ‘ठासणीची’ आणि ‘काडतुसी’ हा कोकणी बोलण्यातील भेद कवचाच्या इतिहासातील मुख्य वळणाचेच वर्णन करतो. ठासणीच्या बंदुकीचा मालक आपला बार स्वतः भरतो; काडतुसी बंदुकीचा मालक तो दुकानातून मोजून आणतो.

कायदा व सद्यःस्थिती : भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनविता किंवा विकता येत नाही. काडतूस भरणे हे दारूगोळा बनविण्यातच मोडते. त्यामुळे अमेरिकेत घरोघरी चालणारा हा उद्योग भारतात खाजगी छंद म्हणून रुजू शकला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. महाराष्ट्रात लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन खडकी व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (स्थापना १९६४) येथे होते. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर हे दोन्ही कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले. रायगड किनाऱ्यावर उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. दारूला ओल लागू न देणे व ती वस्तीपासून दूर ठेवणे हे आज्ञापत्रातील दोन्ही दंडक कोणत्याही आधुनिक शस्त्रागाराचेही पहिले नियम आहेत.

धातूच्या कवचाने बार कोरडा, सारखा व जलद केला. त्याच वेळी बार तयार करण्याची क्षमता बंदूकधाऱ्याकडून काढून ती कारखान्याकडे व त्यामागील शासनाकडे सोपविली. हाताने काडतूस भरणे व पहिल्या बाराने कवच घडविणे या कृतींनी त्या क्षमतेचा एक लहानसा अंश व्यक्तीकडे परत आला. तो किती असू द्यावा, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपल्या इतिहासानुसार दिले आहे. १८५७ व १८७८ यांच्या अनुभवातून गेलेल्या भारताने ते कायद्याच्या कडक चौकटीत ठेवले. परकीय सरकारने अविश्वासापोटी घातलेले निर्बंध स्वतंत्र भारताने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी पुढे चालविले. हेतू बदलला, तरी बार कोणी भरावा हा निर्णय शासनाकडेच राहिला.